कंडेन्सर भरतो कसा, रिकामा होतो कसा: नऊ व्होल्टच्या बॅटरीवर स्वतः मोजून पाहा

चतुर्थीच्या आधीचे पंधरा-वीस दिवस माझ्या गोव्यातल्या फोंड्याच्या दुरुस्तीच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. घरोघर साफसफाई निघते, गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधायची चौकट धुऊन काढतात, आणि शिडी लावलीच आहे तर वर्षभर रडणारा पंखाही खाली उतरवतात. बहुतेक पंख्यांचं दुखणं एकच असतं. फिरतो, पण वारा लागत नाही. नाहीतर हातानं ढकलल्याशिवाय हलत नाही. आतला अडीच मायक्रोफॅरडचा (फॅरड हे त्याच्या क्षमतेचं माप) कपॅसिटर थकलेला असतो, तो बदलला की पंखा पुन्हा जोरात फिरतो. जुनी माणसं त्याला अजून कंडेन्सरच म्हणतात, मराठी पुस्तकात धारित्र लिहितात. दुकानात तिन्ही नावं चालतात.

माझी भाची अकरावीला आहे. शनिवारी दुकानात येऊन बसते आणि प्रश्न विचारते. मागच्या चतुर्थीआधी तिनं विचारलं, ‘‘मामा, कपॅसिटर भरतो म्हणजे त्यात काय भरतं? आणि तू पंपाच्या पेटीला हात लावायच्या आधी ती दोन तारांची काठी कशाला लावून धरतोस?’’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात मिळतं. दुसऱ्याचं मला 1996 च्या पावसात मिळालं. फर्मागुडीच्या आयटीआयमधून बाहेर पडून मला जेमतेम दोन वर्षं झाली होती. सावईवेऱ्याच्या एका कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, विहिरीवरचा पंप सुरू होत नव्हता. मेन स्विच काढला, टेस्टर लावून खात्री केली, पेटी उघडली आणि स्टार्टिंग कपॅसिटरची तार सोडवायला बोटं घातली. हात असा झटकला गेला की कोपर मागच्या चिऱ्यांच्या भिंतीवर आपटलं. चामडी सोलली, हात संध्याकाळपर्यंत थरथरत होता. लाईन बंद होती. टेस्टर खोटं बोलला नव्हता. वीज तारेत नव्हतीच, ती त्या डब्यात बसून राहिली होती. पंप गतीला लागला की पेटीतला रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, स्टार्टिंग कपॅसिटरला सर्किटमधून बाजूला काढतो, आणि त्या क्षणी कपॅसिटरवर जेवढा चार्ज असेल तेवढा आत अडकतो. त्याला बाहेर पडायला वाटच उरत नाही.

मुलांना मी आधी धोका सांगत बसत नाही. आधी नऊ व्होल्टवर कपॅसिटर भरताना आणि रिकामा होताना बघायला लावतो, तेही इतक्या हळू की आकडे वहीत लिहिता येतील. ते एकदा डोळ्यांनी बघितलं की पुढचं सगळं आपोआप समजतं. तुम्हीही तसंच करा.

सामान थोडंच लागतं. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि तिची टोपी. 1000 मायक्रोफॅरड, 25 व्होल्टचा एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. 47 किलोओहमचा एक रेझिस्टर, म्हणजे करंटला रोध करणारा तुकडा, त्याचे पट्टे पिवळा, जांभळा, नारिंगी. 1 किलोओहमचा आणखी एक, तपकिरी, काळा, लाल. एक लाल एलईडी. जिन्याच्या दिव्याला लावतात तो टू-वे स्विच. चार क्रोकोडाइल क्लिप, एक मल्टीमीटर आणि सेकंद मोजायला मोबाइल. वही-पेन्सिल विसरू नका, कारण नुसतं मीटरकडे बघत राहिलात तर मजेची गोष्ट हातून निसटते.

कपॅसिटरची लांब काडी प्लस. डब्याच्या अंगावर ज्या बाजूला पट्टा आणि वजाची खूण असते ती मायनस. इथं घाई करू नका. इलेक्ट्रोलिटिक उलटा जोडला तर आतला ऑक्साइडचा पापुद्रा मोडतो, डबा तापतो, आणि मोठ्या व्होल्टेजवर तो फुटतोही. दुसरं, डब्यावर छापलेल्या व्होल्टेजच्या वर कधी जायचं नाही. नऊ व्होल्टला 25 चा डबा म्हणजे भरपूर मोकळीक.

जोडणी अशी: टू-वे स्विचच्या मधल्या टोकापासून 47 किलोओहमचा रेझिस्टर, रेझिस्टरपासून कपॅसिटरची प्लस काडी. कपॅसिटरची मायनस काडी बॅटरीच्या मायनसला. स्विचचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं टोक मायनसच्याच तारेला. स्विच एका बाजूला टाकला की बॅटरी कपॅसिटर भरते. दुसऱ्या बाजूला टाकला की बॅटरी सुटते आणि कपॅसिटर त्याच रेझिस्टरमधून स्वतःला रिकामं करतो. मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवून कपॅसिटरच्या दोन काड्यांवर क्लिपनं लावा. बोटांनी धरू नका. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हात कायम घामेजलेले असतात, आणि ओल्या बोटांतूनही चार्ज गळतो.

स्विच आधी रिकामं करायच्या बाजूला ठेवा. 1 किलोओहमचा रेझिस्टर कपॅसिटरच्या काड्यांवर दहा सेकंद धरा, मीटर शून्याशी आला की काढा. एकानं मोबाइलवर सेकंद मोजायचे, दुसऱ्यानं आकडे वाचायचे. आता स्विच टाका.

भाचीनं त्या शनिवारी लिहिलेले आकडे माझ्याकडे अजून आहेत. बॅटरी नवी होती, 9.2 व्होल्टची.

30 सेकंदांनी: 4.09 व्होल्ट
60 सेकंदांनी: 6.36
90 सेकंदांनी: 7.62
120 सेकंदांनी: 8.32
180 सेकंदांनी: 8.93
240 सेकंदांनी: 9.1

पहिल्या अर्ध्या मिनिटात चार व्होल्ट चढले. दुसऱ्यात सव्वादोन. तिसऱ्यात सव्वा. चौथ्यात पाऊणसुद्धा नाही. ‘‘दमतोय,’’ ती म्हणाली. तिथं मी तिला थांबवलं आणि चढलेले व्होल्ट न लिहिता उरलेले लिहायला सांगितले. सुरुवातीला 9.2 चढायचे होते. अर्ध्या मिनिटानं 5.11 उरले. मग 2.84. मग 1.58. मग 0.88. आता प्रत्येक आकड्याला त्याच्या आधीच्या आकड्यानं भागा. दर वेळी साधारण 0.555 येतं. दर अर्ध्या मिनिटाला, जेवढं उरलेलं असतं त्याचा तोच हिस्सा शिल्लक राहतो. सुरुवात कुठूनही करा, पंधरा सेकंदांच्या टप्प्यानं मोजा नाहीतर चाळीसच्या, टप्पा सारखा असेल तर भागाकारही सारखाच येतो. ही गोष्ट मला आयटीआयमध्ये फळ्यावरच्या वळणदार रेघेतून कधी कळली नव्हती. ती मला या भागाकारानं दाखवली, आणि म्हणून मी प्रत्येकाला तो स्वतःच्या हातानं करायला लावतो.

हे असं का होतं? कुंभारजुव्याच्या खाडीच्या अंगाला माझ्या आईचं माहेर. तिथली खाजनशेतं बांधाच्या आत, आणि बांधात पाणी सोडायचं दार म्हणजे मानस. ओहोटी लागली की आतलं पाणी दारातून बाहेर धावायला लागतं. सुरुवातीला इतक्या जोरात की लहानपणी आम्हाला जवळ जाऊ देत नसत. आतली आणि बाहेरची पातळी जवळ येत गेली की धार मंदावते, आणि शेवटी पाणी हललं तरी कळत नाही. दार तेवढंच उघडं असतं. कमी होतो तो पातळीतला फरक, आणि पाणी पळतं ते फरकाच्या जोरावर.

कपॅसिटरमध्ये फरक व्होल्टेजचा. आत ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या असतात, मध्ये द्रावणात भिजलेला कागद, आणि सगळं गुंडाळी करून डब्यात बसवलेलं. एका पट्टीवर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा असतो, तो वीज पलीकडे जाऊ देत नाही. बॅटरी एका पट्टीवरून इलेक्ट्रॉन ओढते आणि दुसरीवर ढकलते. मधून पार कुणीच होत नाही. एकीकडे जेवढे जास्त, दुसरीकडे तेवढेच कमी. ‘काय भरतं’ याचं उत्तर हेच: डब्यात बाहेरून जास्तीची वीज येऊन बसत नाही, दोन पट्ट्यांमधला हा फरक वाढतो, आणि तो फरक आपण व्होल्ट म्हणून मोजतो. स्विच टाकला त्या क्षणी कपॅसिटर शून्यावर होता, म्हणून बॅटरीचे सगळे 9.2 व्होल्ट रेझिस्टरवर पडले आणि त्यातून जवळपास 0.2 मिलिअँपिअर करंट गेला. कपॅसिटर चढला तसा रेझिस्टरच्या वाट्याचा फरक घटला, करंट घटला, आणि करंट घटला म्हणून चढण्याचा वेगही घटला. मानशीशी हे साम्य दिशा समजायला पुरेसं आहे. आकडे मात्र तिच्यावरून काढू नका, दारातून पाणी निघण्याचं गणित थोडं वेगळं असतं.

कपॅसिटरचं गणित सोपं आहे. रेझिस्टरचे ओहम गुणिले कपॅसिटरचे फॅरड, उत्तर सेकंदांत. त्याला टाइम कॉन्स्टंट म्हणतात. 1000 मायक्रोफॅरड, म्हणजे फॅरडचा हजारावा हिस्सा, मी मुद्दाम निवडला, कारण त्याच्याबरोबर जितके किलोओहम तितके सेकंद. 47 किलोओहम, तर 47 सेकंद. एवढ्या वेळात कपॅसिटर बॅटरीच्या 63.2 टक्क्यांपर्यंत चढतो. दुप्पट वेळात 86.5, तिपटीत 95, चौपटीत 98.2, पाचपटीत 99.3 टक्के.

आमच्या बॅटरीचे 63.2 टक्के म्हणजे 5.81 व्होल्ट. तो आकडा मात्र 47 ला आला नाही, 51 सेकंदांना आला. भाचीला वाटलं तिचं चुकलं. चुकलं नव्हतं. इलेक्ट्रोलिटिकवर छापलेला आकडा साधारण वीस टक्के इकडेतिकडे असू शकतो. 51 ला 47 नं भागलं तर आमच्या डब्याची खरी किंमत कळली, 1085 मायक्रोफॅरडच्या आसपास. कपॅसिटर मोजायचं मीटर नसलं तरी रेझिस्टर आणि घड्याळानं तो असा मोजता येतो. संशय आलेला जुना इलेक्ट्रोलिटिक पारखायला मी बऱ्याचदा हीच रीत वापरतो.

तुमचं मीटर स्वस्तातलं पिवळं असेल तर आकडा 8.8 च्या आसपास अडकून बसलेला दिसेल. त्या मीटरचा स्वतःचा रोध बहुधा 1 मेगाओहम असतो, आणि मोजता मोजता तेही थोडा करंट पिऊन घेतं. 10 मेगाओहमच्या मीटरनं एवढा फरक पडत नाही. स्वस्त मीटरच हाताशी असेल तर ते सतत लावून ठेवू नका. वाचायच्या वेळी दोन सेकंद टेकवा आणि काढा.

आता स्विच दुसऱ्या बाजूला. 9.1 वरून उतरताना आमचे आकडे आले ते असे: अर्ध्या मिनिटानं 5.05, एका मिनिटानं 2.81, दीड मिनिटानं 1.56, दोन मिनिटांनी 0.87, तीन मिनिटांनी 0.27, चार मिनिटांनी 0.08. भागाकार करा, पुन्हा तोच 0.555. एका टाइम कॉन्स्टंटला मूळच्या 36.8 टक्के उरतं, पाचाला 0.7 टक्के. भाचीचा प्रश्न इथं आला, ‘‘म्हणजे पूर्ण रिकामा कधीच होत नाही?’’ गणितात नाही होत. कामाच्या दृष्टीनं पाच टाइम कॉन्स्टंट पुरतात, पण ते ‘पुरतात’ सुरुवातीच्या व्होल्टेजवर अवलंबून असतं. नऊ व्होल्टचा 0.7 टक्का म्हणजे काहीच नाही. हजार व्होल्टचा 0.7 टक्का सात व्होल्ट.

एक प्रयोग अजून करा, आणि माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा. कपॅसिटर पुन्हा भरा. बॅटरी काढून टाका. आता 1 किलोओहमचा रेझिस्टर आणि लाल एलईडी एकापुढे एक जोडून कपॅसिटरवर लावा, एलईडीची लांब काडी प्लसकडे. दिवा लख्ख लागतो, भराभर मंदावतो, मग बराच वेळ निखाऱ्यासारखा धुगधुगतो आणि विझतो. विझला की मीटर लावा. दीड व्होल्टाच्या वर आकडा सापडेल. लाल एलईडीला पेटायलाच साधारण पावणेदोन-दोन व्होल्ट लागतात, त्याखाली तो करंट जवळजवळ सोडतच नाही, आणि उरलेलं आत तसंच राहतं. दिवा विझला म्हणून कपॅसिटर रिकामा झाला, असं मानून इन्व्हर्टरच्या बोर्डाला हात घालणारी माणसं मी पाहिली आहेत. मानायचं ते फक्त मीटरला.

आणि मीटरलासुद्धा एकदा विचारून भागत नाही. कपॅसिटर दहा मिनिटं भरून ठेवा, मग काड्या 1 किलोओहमनं दहा सेकंद जोडा, मीटर शून्याशी आणा. रेझिस्टर काढा आणि पाच मिनिटं थांबा. आकडा हळूहळू वर आलेला दिसेल. पट्ट्यांमधल्या थरानं थोडा चार्ज आत मुरवून घेतलेला असतो, तो सावकाश बाहेर येतो. नऊ व्होल्टवर हा फरक छोटासा असतो. मोठ्या डब्यात तो चटका देण्याइतका होऊ शकतो. 1746 साली हॉलंडमधल्या लायडन शहरात पीटर व्हान मुसेनब्रुक यांच्या प्रयोगशाळेत पाण्यानं भरलेल्या काचेच्या बरणीनं जबरदस्त झटका दिला होता. तीही कपॅसिटरच होती, जगातल्या पहिल्या काहींपैकी एक. त्याच सुमारास जर्मनीत फॉन क्लाइस्ट यांनाही तोच अनुभव आला. त्यांना आधी सांगणारं कुणी नव्हतं. आपल्याला आहे.

आता ती काठी. मी जिच्या मागे इतकी वर्षं लागलोय ती गोष्ट म्हणजे स्क्रू ड्रायव्हर दोन्ही टोकांवर आडवा टाकून कपॅसिटर ‘मारायची’, म्हणजे एका झटक्यात रिकामा करायची सवय. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो तेही तसंच करत, आणि ते उत्तम कारागीर होते. पण तेव्हा रोध जवळजवळ शून्य असतो, म्हणून क्षणभर प्रचंड करंट धावतो. टर्मिनल जळतं, आतले जोड सैल होतात, ठिणगी डोळ्यात उडू शकते. एकदा कपॅसिटर भरला की 230 व्होल्टच्या लाईनवर त्याच्यात शिखराचे 325 व्होल्ट असू शकतात. 100 मायक्रोफॅरडचा स्टार्टिंग कपॅसिटर 325 व्होल्टवर सव्वापाच ज्यूल ऊर्जा धरून ठेवतो. आपल्या नऊ व्होल्टच्या खेळात होता एका ज्यूलचा पंचविसावा हिस्सा.

काठी करायची तर 10 किलोओहम, 10 वॉटचा पांढरा सिमेंटचा रेझिस्टर घ्या. दोन्ही टोकांना जाड इन्शुलेशनच्या तारा, तारांच्या पुढे मीटरच्या प्रोबसारखी प्लॅस्टिकच्या मुठीची टोकं, आणि सगळ्या जोडांवर स्लीव्ह. 325 व्होल्टला त्यातून सुरुवातीला फक्त 32 मिलिअँपिअर जातात, ठिणगी उडत नाही. 36 मायक्रोफॅरडच्या पंपाच्या कपॅसिटरला टाइम कॉन्स्टंट 0.36 सेकंद, पाच वेळा म्हणजे दोन सेकंदांच्या आत. 100 मायक्रोफॅरडला पाच सेकंद. इन्व्हर्टरच्या किंवा सप्लायच्या बोर्डावरच्या 470 मायक्रोफॅरडला चोवीस सेकंद. शेवटी दोन-सव्वादोन व्होल्ट उरतात. मी दर वेळी याच्या दुप्पट मोजतो, मोठ्यानं, म्हणजे शेजारी उभ्या असलेल्यालाही कळतं की अजून हात घालायचा नाही.

छताच्या पंख्यात कपॅसिटर वाइंडिंगला, म्हणजे मोटरच्या तारेच्या गुंडाळीला, जोडलेला असतो, त्यामुळे स्विच बंद केल्यावर तो सहसा वाइंडिंगमधूनच क्षणात रिकामा होतो. पण वाइंडिंग तुटलेलं असेल तर ती वाट बंद, आणि दुरुस्तीला आलेल्या पंख्याचं वाइंडिंग तुटलेलं नाही हे उघडल्याशिवाय तुम्हाला कसं ठाऊक? म्हणून अडीच मायक्रोफॅरडलाही काठी लावायचीच. मायक्रोवेव्ह ओव्हन मात्र घरी उघडूच नका. त्यातला कपॅसिटर दोन हजार व्होल्टच्या वरचा खेळ करतो, त्याला ही काठी चालत नाही.

या वर्षी चतुर्थीआधी पंपाची पहिली पेटी आली तेव्हा काठी भाचीनं धरली. मी बाजूला उभा होतो, मेन सुटल्याची खात्री करून. तिनं दहापर्यंत मोजलं, काठी काढली, मीटर लावलं, एक व्होल्टाच्या खाली. मग ती स्टुलावर बसून राहिली. ‘‘काय झालं?’’ म्हटलं. म्हणाली, ‘‘पाच मिनिटं थांबते, परत वर येतंय का बघते.’’